स्टँडबाय नसलेला पंप

यान्बूत चालायला कधी निघायचं हे माणूस ठरवत नाही, ऊन ठरवतं. मे महिन्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत दिवसाउजेडी समुद्रकाठचा लांबलचक फरसबंदी रस्ता ओस पडलेला असतो. खजुरांच्या सावल्या तेवढ्या त्यावर हलत असतात. मगरिबची अजान झाली की घरांची दारं उघडतात. केरळचे कामगार दोघंदोघं मिळून गप्पा मारत निघतात, फिलिपिनो पोरं कानांत इअरफोन खुपसून धावतात, अबायाखाली झकास बूट घातलेल्या बायका हात हलवत झपाझप पुढे निघून जातात आणि इजिप्शियन कुटुंबं सतरंजी, थर्मास, भाजलेल्या बियांची पुडी असा सगळा संसार मांडून हिरवळीवर बसतात. रात्री अकराला मुलं घसरगुंडीवर असतात. माझ्या साताऱ्यात या वेळी मूल रस्त्यावर दिसलं असतं तर चार घरांतून चौकशी झाली असती.

सौदी अरेबियाच्या नकाशावर यान्बू एक दिसत असलं तरी ती तीन आहेत. तांबड्या समुद्रावरचं यान्बू अल-बहर हे मदिनेचं जुनं बंदर, प्रवाळाच्या दगडांच्या घरांचं. १९१६ साली, अरबांच्या उठावाच्या दिवसांत ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणतात तो लॉरेन्स तिथे राहिला होता. ते घर अजून दाखवतात. आत डोंगरांकडे खजुरांच्या वाड्यांचं यान्बू अल-नखल. आणि तिसरं आमचं, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कमिशननं वाळूवर रेघा आखून उभं केलेलं औद्योगिक शहर. देशाच्या पूर्व टोकापासून सुमारे १२०० किलोमीटर वाळवंट ओलांडून तेलाची पाइपलाइन इथे समुद्राला भेटते. वाटेत ठिकठिकाणी पंपिंग स्टेशनं आहेत, कारण तेल काही आपण होऊन चालत येत नाही. मी इथल्या एका रिफायनरीत रोटेटिंगचा माणूस आहे. म्हणजे जे जे फिरतं ते माझं: पंप, कॉम्प्रेसर, टर्बाइन, ब्लोअर. त्यातलं काही फिरायचं थांबलं की माझा फोन वाजतो.

धावणं मी साताऱ्याहून आणलं. तिथे २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन भरते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच उतरून परत यायचं. माझी वार्षिक रजा त्या तारखेला जुळवायची की गणपतीला, हा आमच्या घरातला जुना तंटा. सराव इथे, समुद्राच्या पातळीवर. घाट नाही म्हणून उड्डाणपुलाचा चढ पुन्हा पुन्हा चढायचा आणि खालून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी या वेड्या हिंदीकडे बघून हॉर्न वाजवायचे.

अशाच एका संध्याकाळी, वेग नेहमीचाच असताना, छातीत कुणी ओंजळभर मासोळ्या सोडल्या. मी थांबलो, पण त्या थांबल्या नाहीत. दवाखान्यात ईसीजीचा कागद निघाला तेव्हा डॉक्टरांच्या आधी तो मी पाहिला, कारण आलेख वाचणं हा माझाही धंदा आहे. उंच टोकं होती. पण दोन टोकांतलं अंतर एकदाही सारखं नव्हतं, आणि प्रत्येक टोकाआधी असायला हवा तो छोटा उंचवटा कुठेच नव्हता. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरू लागतात, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा. खालच्या कप्प्यांच्या वाटेवर एव्ही नोड नावाचा पहारेकरी असतो, तो त्या गर्दीतून जमतील तेवढे इशारे खाली सोडतो. नाडी जलद चालते हे तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे तिला कसलाच नेम राहत नाही.

माझ्या धंद्यात नेम नसण्याला फार घाबरतात. मशीन हादरतं तेव्हा त्या हादऱ्याला पत्ता असतो. शाफ्टच्या एका फेऱ्याला एकदा हादरा बसला तर रोटरचा तोल गेलाय. फेऱ्याला दोनदा बसला तर कपलिंगची ओळ चुकली असेल. बेअरिंगच्या आतल्या कड्याला चरा गेला तर त्याचा आकडा वेगळा, बाहेरच्या कड्याला गेला तर आणखी वेगळा. व्हायब्रेशनचा आलेख उलगडून बघितला की बिघाड आपलं नाव सांगतो. पण ज्याचा पत्ताच लागत नाही असा हादरा दिसला की कंट्रोल रूममधले सगळे गप्प होतात. हृदयाच्या या थरथरीचंही पुष्कळ काळ तसंच होतं. सगळा कप्पाच बिघडलाय म्हणायचे. मग फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ४५ रुग्णांचा अभ्यास छापला. थरथर सुरू करणाऱ्या जागा त्यांनी एकेक करून शोधल्या होत्या, आणि त्यांतल्या ९४ टक्के जागा फुफ्फुसांकडून डाव्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या शिरांच्या आत निघाल्या. बिघाडाला पत्ता मिळाला. पुढे हजारो लोकांवर जो उपचार झाला आणि माझ्यावरही झाला, तो या एका पत्त्यावर उभा आहे.

त्याच्या आधीही वाटा होत्या, पण खडतर. हृदयातली विजेची चुकीची वाट तोडायची तर १९६८ साली ड्यूक विद्यापीठात विल सीली यांना नॉर्थ कॅरोलायनातल्या एका तरुण मच्छीमाराची छाती उघडावी लागली होती. त्याचा आजार वेगळा, जन्मजात जादा वाटेचा. तरी जुन्या बंदरात पहाटे जाळी उतरवणाऱ्या कोळ्यांकडे बघताना मला तो आठवतो. नाडी बेभान धावत असताना जाळं ओढणं म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. मग सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन यांनी शिरेतून तार घालून, छाती न उघडता हृदयातली विजेची वाट तोडल्याचं १९८२ मध्ये प्रसिद्ध केलं. आता डॉक्टर मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून वर जातात, उजव्या कप्प्यात शिरतात, दोन कप्प्यांमधला पडदा सुईनं टोचून डावीकडे जातात, आतला नकाशा पडद्यावर उभा करतात आणि शिरांच्या तोंडांभोवती डागण्यांचं कडं काढतात. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. कुणी उष्णतेनं डागतं, कुणी गोठवून. अलीकडे विजेच्या क्षणिक झटक्यांनी करायची पद्धतही आली आहे. माझं काम उष्णतेवर झालं, जेद्दाच्या एका रुग्णालयात.

टेबलावर पडल्या पडल्या मला एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं. प्लांटमधला पहिला नियम असा की चालू मशीनला हात लावायचा नाही. आधी परमिट, मग वीज तोडायची, कुलूप लावायचं, टॅग लटकवायचा, किल्ली खिशात घालायची आणि तरी एकदा बटण दाबून खात्री करायची की खरंच बंद आहे. एवढं झाल्याशिवाय पाना उचलणाऱ्याला मी गेटाबाहेर काढतो. आणि हे डॉक्टर चालू पंपात हात घालणार होते. वर जाताना सांगून गेले की दुखणं आपण होऊन दिसलं नाही तर ते मुद्दाम सुरू करून बघतील. हे काम बंद करून होण्यासारखं नाही, हे मला समजत होतं. आमच्याकडे प्रत्येक महत्त्वाच्या जागी दोन पंप असतात, ए आणि बी. ए चालतो तेव्हा बी तयार उभा असतो; ए ट्रिप झाला की बी उचलतो. शरीराच्या नकाशात मूत्रपिंडं दोन, फुफ्फुसं दोन, डोळे दोन, आणि नेमका हा पंप एकच. ज्यानं कुणी हे डिझाइन पास केलं त्याला आमच्या ऑडिटवाल्यांनी सोडलं नसतं.

शुद्धीवर आल्यावर काही तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं, मांडीतून रक्त येऊ नये म्हणून. मग बायकोनं मोटारीतून घरी आणलं. जेद्दा ते यान्बू साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता सगळा समुद्राच्या कडेनं. राबिगला थांबली, मस्तुराला थांबली, प्रत्येक वेळी मला उतरवून मोटारीभोवती फेऱ्या मारायला लावल्या. बसून राहिलं की पायात गाठ धरते, असं नर्सनं तिला बजावलं होतं. पेट्रोल पंपावरचे लोक बघत होते. ‘बघू देत,’ म्हणाली. ‘अहो, पाय उचला नीट.’

पहिला आठवडा गोष्टी उचलण्यावर बंदीचा. पाच किलोच्या वर काही नाही. यान्बूत पिण्याचं पाणी घरी येतं ते जवळजवळ एकोणीस लिटरच्या जाड कॅनमध्ये, आणि तो उचलून डिस्पेन्सरवर उलटा घालणं हे घरातल्या पुरुषाचं काम मानलं जातं. शेजारच्या तमिळ मुलानं ते आनंदानं केलं, वर ‘अंकल, बसा तुम्ही’ असंही म्हणाला. ते बसणं मांडीतल्या काळ्यानिळ्या डागापेक्षा जास्त ठणकलं. तो डाग जांभळा झाला, हिरवट झाला, पिवळा होत खाली गुडघ्याकडे उतरला. दीर्घ श्वास घेतला की छातीत टोचे. हृदयाभोवतीचं आवरण चिडलेलं असतं, असं सांगितलं होतं. ताप आला किंवा घास गिळताना दुखलं तर एक क्षणही थांबू नका, हेही सांगितलेलं, कारण अन्ननलिका डाव्या कप्प्याला पाठीमागून जवळजवळ चिकटूनच असते आणि तिला आच लागलेली असू शकते. मग पुढचे काही आठवडे मी प्रत्येक घास परीक्षा दिल्यासारखा गिळला. गोळ्या होत्या रक्त पातळ ठेवायच्या, कारण आतून डागलेल्या जागेवर गुठळी धरायला वेळ लागत नाही. त्यामुळे दाढी करताना जपून, सायकल बंद, आणि समुद्रात उघड्या पायांनी उतरणं बंद. इथले प्रवाळ पायाला चाकूसारखे लागतात.

डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी मला सर्वांत आवडली ती ही: सुरुवातीच्या काळात अनियमित ठोके आले, अगदी जुनी थरथर परतली, तरी ती हिशेबात धरायची नाही. हा काळ पूर्वी तीन महिन्यांचा मानत, आता जाणकार मंडळी दोन महिने म्हणतात. डागलेल्या कडा सुजलेल्या असतात, व्रण नीट घट्ट झालेले नसतात, म्हणून निकाल घाईनं लावत नाहीत. शटडाऊन संपल्यावर मोठा टर्बाइन आम्ही असाच चालू करतो. आधी नुसतं तेल फिरवायचं. मग शाफ्ट अगदी सावकाश, नुसता फिरत ठेवायचा, उष्णता सगळीकडे सारखी होईपर्यंत. मग टप्प्याटप्प्यानं वेग. मधे एक वेग असा येतो की शाफ्ट थरथरतोच. त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. तिथे रेंगाळायचं नाही, पण घाबरून बंदही करायचं नाही. पलीकडे गेलं की तो आपोआप शांत होतो. नवीन पोरगा कंट्रोलवर असला की तो नेमका तिथेच ट्रिपचं बटण शोधतो.

मी माझ्यासाठी तोच नवीन पोरगा झालो होतो. घराच्या दारापासून कोपऱ्यावरच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंत चालायचं, तिथून लबनची, म्हणजे ताकाची बाटली घेऊन परत. एवढ्यात चारदा मनगट धरून बघायचं. मधेच एखादा ठोका लवकर पडायचा, मग मोठी पोकळी, आणि मग एक दणका. जेद्दाला फोन केला की पलीकडून तेच उत्तर: एखाददुसरा ठोका चुकणं चालतं, चालत राहा.

पण खरा धक्का त्या चुकलेल्या ठोक्यांनी दिला नाही. माझी बसल्या जागेची नाडी पन्नाशीत असे. धावणाऱ्यांना हा आकडा शाळेतल्या मार्कांसारखा पाठ असतो, आणि तो कुणी विचारला नाही तरी सांगितला जातो. अ‍ॅब्लेशननंतर तीच नाडी सत्तरीत गेली आणि तिथेच राहिली. झोपेतही तिथेच. मी हे काहीतरी बिघडल्याचं लक्षण धरून बसलो होतो. कारण साधं निघालं. हृदयाला हळू चाल असं सांगणाऱ्या मज्जातंतूंचे पुंजके त्या शिरांच्या तोंडांजवळच असतात, आणि डागणीची आच त्यांनाही पोचते. लगाम थोडा सैल होतो. अनेकांच्या बाबतीत तो तसाच महिनोन्‌महिने राहतो, काहींच्या बाबतीत कायमचा. म्हणजे वर्षानुवर्षं पहाटे उठून कमावलेला आकडा एका दुपारी गेला होता, आणि त्या जाण्याचा आजाराशी काही संबंध नव्हता. तो केवळ बांधकामाचा राडारोडा होता. यावर दुःख करावं तर बायकोला हसू येई. ‘आकडा गेला ना? माणूस आहे ना?’

व्यायामाबद्दलची आमची समजूत मुळात कुठून आली, हे मी त्या सक्तीच्या बसण्यात आठवत बसलो. सातारा जिल्ह्यातलं औंध हे त्याचं एक उगमस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) यांनी सूर्यनमस्काराचं वेड स्वतःला लावून घेतलं आणि मग सगळ्या संस्थानाला लावलं. शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली, परदेशी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिकं केली. त्याहून मागे गेलं तर समर्थ रामदासांनी याच मुलखात गावोगाव स्थापलेले मारुती, आणि त्यांच्या देवळांशेजारी उभ्या राहिलेल्या तालमी. माझे आजोबा औंधच्या शाळेत शिकले. अंगणात सकाळी सतरंजी पसरून ते नमस्कार घालत तेव्हा आम्हा नातवंडांना त्यांच्यासोबत मोजायला बसवत. घाम निघाला की रोग निघाला, एवढं सोपं वैद्यक. जास्त व्यायाम असं काही असतं, हे त्या अंगणात कुणी बोललं असतं तर आजोबांनी त्याला आळशी ठरवून हाकलला असता.

आणि तरी तसं काही असतं. स्वीडनमध्ये वासालोपेत नावाची बर्फावरून स्की करत जायची ९० किलोमीटरची शर्यत १९२२ पासून होते. ती पूर्ण केलेल्या ५२,७५५ जणांची नोंद तपासून संशोधकांनी २०१३ मध्ये सांगितलं की ज्यांनी ही शर्यत अधिक वेळा पार केली आणि ज्यांनी ती अधिक वेगानं पार केली, त्यांच्यात ठोक्यांचे बिघाड जास्त आढळले. वर्षानुवर्षं रक्ताचा मोठा लोंढा झेलून वरचे कप्पे ताणले जातात, हे त्यामागचं एक कारण मानतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबांच्या सतरंजीची कीव आली. पण त्याच शर्यतीत उतरणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बाकीच्या स्वीडिश लोकांपेक्षा कमी असतं, असंही आधीच्या एका पाहणीत दिसलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये हीच थरथर असलेल्या स्थूल माणसांनी दहा टक्के वजन उतरवून टिकवलं तेव्हा त्यांची थरथर लक्षणीय कमी झाली. तो अभ्यास २०१५ चा. ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात दारू सोडणाऱ्यांना फायदा झाला. सौदी अरेबियात राहणाऱ्या माणसाला हा सल्ला देताना माझ्या डॉक्टरांनाही हसू आवरेना.

मला वाटतं आजोबा चुकले नव्हते. त्यांचे नमस्कार रोजच्या वेळेचे, ठराविक संख्येचे आणि शर्यतीविना होते. तीच रीत मी घड्याळाला जोडली, घड्याळ घाटाला जोडलं, घाट इतरांच्या घड्याळांना जोडला. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासाठी आता व्यायाम औषधासारखा, आणि औषधाला मात्रा असते. मात्रा मोजायला त्यांनी आकडा दिला नाही. म्हणाले, चालताना सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग कमी करा.

सोबतीला कुणी नव्हतं, म्हणून मी मनाचे श्लोक धरले. २०५ आहेत, म्हणजे सामग्रीची ददात नाही, आणि लहानपणी सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना आईनं ते घोकून घेतलेले. भुजंगप्रयात वृत्त, ओळीला बारा अक्षरं, एक लघू आणि दोन गुरू अशी चारदा येणारी चाल. चालण्यासाठी याहून चांगली चौकट मला माहीत नाही. पाऊल आपोआप तिच्यात पडतं. अट एकच, मोठ्यानं म्हणायचे. चारही चरण एका लयीत, मधे धाप न घेता म्हणता आले तर वेग बरोबर. तिसऱ्या चरणाला श्वास घ्यावा लागला तर खांब येईपर्यंत हळू. नाताळाच्या सुमारास, हवा इथे साताऱ्याच्या कार्तिकासारखी छान झालेली असताना, समुद्राकाठी एक माणूस मराठीत मोठ्यानं श्लोक म्हणत चाललाय हे बघून एका सौदी आजोबांनी मला थांबवून विचारलं, प्रार्थना का? मी म्हटलं, जवळजवळ. त्यांनी खिशातून एक खजूर काढून दिला.

हवेचाही हिशेब असतो. तोच वेग, तोच माणूस, पण बाहेर उकाडा असेल तर नाडी दहापंधरानं वर जाते. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे धाव घेतं, घामानं पाणी उतरतं, आणि पंपाला तेवढंच काम करायला जास्त फेरे घालावे लागतात. यान्बूत एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं. इतका दमटपणा असताना घाम सुकतच नाही, नुसता गळतो. मनगटावरच्या घड्याळातले रंगीत पट्टे कुठल्यातरी गार देशातल्या माणसांवरून ठरवले असावेत असा माझा संशय आहे. ते इथे सारखे लाल होत. लाल दिसला की मी घाबरे, घाबरलो की नाडी आणखी वाढे, पट्टा आणखी लाल. शेवटी घड्याळ काढून खणात टाकलं आणि बोटं मनगटावर ठेवायला शिकलो.

परवानगी मिळाल्यानंतर पहिल्यांदा धावलो तेव्हा फुलांच्या महोत्सवाची तयारी चालू होती. दर वर्षी हिवाळा सरता सरता औद्योगिक शहरात पिटुनियांचे प्रचंड गालिचे अंथरतात; माळी लोक, बहुतेक बांगलादेशी, ओळींत बसून रोपं लावत होते. त्यांच्या बाजूनं मी धावायला लागलो आणि काही पावलांतच छातीत धडधड उठली. थांबलो. अंगाला दरदरून घाम, तो धावण्याचा नव्हता. त्या पहिल्या संध्याकाळच्या मासोळ्या परत आल्या असं डोक्यानं ठरवूनच टाकलं होतं. दोन बोटं मनगटावर ठेवली. जलद होती. पण एकसारखी. ठक, ठक, ठक, दोन ठोक्यांतलं अंतर फुटपट्टीनं मोजल्यासारखं. मी उभा राहून मोजत राहिलो, एक माळी पाण्याची नळी बाजूला धरून माझ्याकडे बघत राहिला. टर्बाइन दहा हजार फेऱ्यांनी फिरतो तेव्हा आम्ही घाबरत नाही. वेग हे त्याचं काम आहे. हे मी दर वर्षी नव्या इंजिनियर पोरांना शिकवतो. स्वतःच्या छातीला ते शिकवायला वसंत उजाडला. मग पुन्हा धावलो, पुढच्या खांबापर्यंत, मग चाललो, मग धावलो.

सूर्यनमस्कार मात्र उशिरा आले. मांडीचा सांधा पूर्ण दुमडायचा तर आधी भीती, मग सवय मोडलेली. आता घालतो. आजोबांइतके नाही.

रमजानात इथलं वेळापत्रक उलटं होतं. कामाचे तास कमी, दिवसा शहर निजलेलं, रात्री दीडला समुद्रकाठी जत्रा. त्या महिन्यात आमच्या शॉपमधले एक फोरमन माझ्या सोबत चालायला लागले. महाडचे. साखर वाढलेली, डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, एकट्याला कंटाळा. त्यांच्या आजोबांनी मुंबईहून जहाजानं जेद्दाला येऊन हज केली होती. ती जहाजं १९९५ साली बंद झाली. कप्तानानं समुद्रात मध्येच भोंगा वाजवून मिकात, म्हणजे हजची वस्त्रं नेसायची हद्द, आल्याचं कसं सांगितलं, कोण किती उलट्या करत आलं, परतताना झमझमचे डबे गादीखाली कसे ठेवले, हे सगळं ते आजोबांच्याच आवाजात सांगतात. मग मुलीची रायगडातली कॉलेजची अ‍ॅडमिशन, सावित्रीचा पूर, आंब्याचे भाव. बोलणं एक क्षण थांबत नाही आणि मधे मधे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं द्यावी लागतात. श्लोकांची गरज उरली नाही. माझं उत्तर अर्धवट तुटलं की तेच म्हणतात, ‘साहेब, बेअरिंग गरम झालं वाटतं,’ आणि पावलं आवरतात.

मशीनचं बोलणं आम्हा दोघांना एवढं सवयीचं आहे की एकदा मी त्यांना माझी स्टँडबायची तक्रार ऐकवली, की या पंपाला बी नाही. ते जरा वेळ चालत राहिले. मग म्हणाले, ‘आपल्या जुन्या युनिटात पण एक पंप होता ना तसा, बीचं फाउंडेशन घातलेलं पण मशीन आलंच नाही. त्याचं तेल आम्ही किती बघायचो!’ मला तो पंप आठवला. शिफ्टवर येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्यावर हात ठेवून मग हजेरी लावायचा.

आता हिवाळा आला की रद्वाला जायचं त्यांच्या मनात आहे. रद्वा म्हणजे उत्तरेला स्वच्छ दिवशी दिसतो तो निळा डोंगर, दोन हजार मीटरहून उंच. शॉपमधले काही जण सुट्टीला तिथे चढायला जातात. ‘यवतेश्वर चढणाऱ्याला काय कठीण,’ ते म्हणाले. शिखर गाठायचं नाही, पहिल्या दरीपर्यंत जायचं, तिथे डबा खायचा, उन्हाआधी खाली. मी म्हटलं, जेद्दाच्या डॉक्टरांना विचारून सांगतो.

‘डॉक्टरांना कशाला? घरी विचारा.’

घरी विचारलं. मी मात्रा, वेग, हवा, पाणी, सावली, उतरायची वाट असा सगळा मुद्देसूद प्रस्ताव मांडला, परमिटसारखा. तिनं तो पूर्ण ऐकून घेतला.

‘मी पण येते,’ म्हणाली. ‘पण माझ्याकडे बूट नाहीत.’

तर या शुक्रवारी संध्याकाळी जुन्या बंदराच्या बाजारात जायचंय, तिच्या मापाचे बूट बघायला; आणि फोरमननी निरोप धाडलाय की त्यांच्या बायकोसाठीही एक जोड बघा, माप सदतीस.